बिल्टमोर: आई-बाबांना कसं दाखवावं

एप्रिल उजाडला की माझा फोन वाजायला लागतो. कुणाचे आई-बाबा येणार असतात, कुणाचे सासू-सासरे. प्रश्न एकच, "अगं, तुम्ही बिल्टमोरला गेला होतात ना, म्हाताऱ्या माणसांना झेपतं का?" झेपतं, पण आखून गेलं तर. बिल्टमोर म्हणजे अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या ॲशव्हिलचं, तिकीट काढून बघता येणारं राजवाड्यासारखं जुनं घर. मी त्याच राज्यात कॅरीला राहते. आजवर पाच खेपा झाल्या, त्यातल्या पहिल्या दोन माझ्याच वेंधळेपणाने वाया गेल्या. दरवेळी फोनवर तीच टकळी लावण्यापेक्षा एकदा लिहून टाकते.

सगळ्यात आधी, निघायच्या आदल्या रात्री जेवताना हे घर कुणाचं ते सांगून ठेवा. मी सासूबाईंना सांगितलं नव्हतं. मालकाचं नाव जॉर्ज वॉशिंग्टन व्हँडरबिल्ट. त्यातली पहिली दोन नावं ऐकून त्या अर्धं घर राष्ट्राध्यक्षाचं समजून बघत होत्या. "स्वातंत्र्यासाठी लढलेला माणूस, आणि एवढा थाट?" असं जेवणघरात त्यांनी मला कानात विचारलं, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

तर गोष्ट अशी सांगायची. पणजोबा-आजोबांच्या काळापासून हे न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरचे लोक. आजोबा कॉर्नेलियस व्हँडरबिल्ट. वय सोळा, आईकडून १०० डॉलर घेतले, एक होडी घेतली आणि माणसं-माल न्यूयॉर्कला ने-आण करायला लागला. होडीची झाली आगबोट, आगबोटीची झाली रेल्वे. १८७७ साली गेला तेव्हा मागे जवळपास १० कोटी डॉलर. त्यातला बहुतेक सगळा एकाच मुलाला, विल्यमला दिला. विल्यमने आठ वर्षांत त्याचे दुप्पट केले आणि तोही गेला. विल्यमला आठ मुलं. सगळ्यात धाकटा जॉर्ज, जन्म १८६२.

इथे थांबून आकडे नीट सांगा, कारण पुढचं सगळं घर त्या आकड्यांवर उभं आहे. वरच्या दोन भावांना प्रत्येकी साडेसहा कोटींच्या आसपास मिळाले. जॉर्जच्या वाट्याला आजोबांकडून १० लाख, एकविसाव्या वाढदिवसाला वडिलांकडून १० लाख, वडील गेल्यावर ५० लाख रोख, आणि आणखी ५० लाख ट्रस्टमध्ये, ज्यांचं फक्त व्याज खायचं. म्हणजे भावांच्या मानाने धाकटा गरीबच. आणि अमेरिकेतलं सगळ्यात मोठं खाजगी घर कुणी बांधलं? या धाकट्याने. कमवायला कधी गेला नाही, धंद्यात रस नव्हता, पुस्तकं वाचायचा. मी दिवसभर लोकांचे टॅक्स भरते, त्यामुळे मला या घरात शिरल्यावर झुंबरं दिसतच नाहीत. दिसतं ते हे की व्याजावर जगणाऱ्या माणसाने मुद्दल विटांत घातलं. तुम्हीही तसं बघून या, घर जास्त रंगतं.

आता तिकीट. बिल्टमोर आजही त्याच कुटुंबाच्या मालकीचं आहे, सरकारी नाही, त्यामुळे दर एखाद्या विमानासारखा दिवसागणिक बदलतो. आधी काढाल तितकं स्वस्त, शनिवार-रविवार महाग, आणि नोव्हेंबर ते जानेवारीच्या सुरुवातीपर्यंतचा ख्रिसमसचा मोसम सगळ्यात महाग. तो मोसम सुंदर असतो, जेवणघरात ३५ फुटी झाड उभं करतात, पण आई-बाबांना त्या गर्दीत नेऊ नका. एप्रिलच्या शेवटापासून मे महिन्यात अझेलिया फुलतात. मधल्या वारी जा. तिकिटावर घरात शिरायची वेळ ठरलेली असते. ती सकाळची घेऊ नका! पहिल्या खेपेला मी दहाची घेतली, कॅरीहून पहाटे निघालो आणि साडेअकराला पोचलो. चार तासांचा रस्ता आहे, वाटेत ज्येष्ठांचे तीन थांबे धरा. त्यातून ओल्ड फोर्टच्या पुढे आय-४० हा महामार्ग डोंगर चढतो, तिथे ट्रक रांगत असतात. आदल्या दिवशी ॲशव्हिलला मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी अकरा-साडेअकराची वेळ, हे उत्तम. शार्लटवाल्यांना दोन-सव्वादोन तास लागतात, त्यांनी एका दिवसात करायला हरकत नाही.

सप्टेंबर २०२४ च्या हेलीन वादळाबद्दल अजूनही लोक विचारतात. फाटकाबाहेरच्या बिल्टमोर व्हिलेजमध्ये स्वॅनानोआ नदी घुसली, तिथलं नुकसान भयंकर होतं. घर उंचावर, ते वाचलं. २ नोव्हेंबरला पुन्हा उघडलं. काळजी न करता जा.

चपला घालून कुणालाही नेऊ नका. बूट. बाबा लोक "माझ्या सँडल चांगल्या आहेत" म्हणतात, ऐकू नका. आणि एक स्वेटर, मे महिन्यातही, कारण तळघर गार असतं. गाडी लांब लावावी लागते, तिथून शटल बस घराच्या दारापर्यंत सोडते. बसमधून उतरल्यावर लगेच आत शिरू नका. आधी शेजारच्या तबेल्याच्या चौकात स्वच्छतागृह आहे तिकडे सगळ्यांना पिटाळा. आत शिरलं की पुढचे दीड-दोन तास सोय नाही असंच धरून चाला. चालणं कठीण असेल तर व्हीलचेअरसाठी दारावरच विचारा. लिफ्ट आहे, ती १८९५ पासूनची, पण सगळ्यांना वापरू देत नाहीत. बाकीच्यांना जिन्याने. मुख्य जिन्याला १०२ पायऱ्या आहेत. तुम्हाला एका दमात चढायच्या नसतात, मजल्यावर खोल्या बघत बघत जातो, त्यामुळे गुडघेदुखीवाल्या माझ्या आईनेही केलं. जिन्याच्या मधोमध चार मजले उतरणारं झुंबर आहे, १,७०० पौंडांचं. ते बघायला सगळे माना वर करून थांबतात आणि मागचे ढकलतात. आईचा हात धरून ठेवा.

आता आत काय बघायचं. खोल्या एकूण २५०. त्यात ३५ झोपायच्या, ४३ न्हाणीघरं, ६५ शेकोट्या, एकूण १,७८,९२६ चौरस फूट. हे सगळं बघायचं नाही, तेवढं दाखवतही नाहीत. वास्तुकार रिचर्ड मॉरिस हंट, फ्रान्समधले राजवाडे बघून आलेला. १८८९ ला काम सुरू, १८९५ च्या ख्रिसमसच्या आदल्या संध्याकाळी वास्तुशांत. त्यावेळी जॉर्ज ३३ वर्षांचा आणि बिनलग्नाचा. पुढे तीन वर्षांनी पॅरिसमध्ये ईडिथ ड्रेसरशी लग्न, आणि १९०० साली एकुलती एक मुलगी कॉर्नेलिया.

जेवणघर ७० फूट उंच आहे, तिथे फोटो सगळेच काढतात. (फ्लॅश नको.) गालिच्यांची, म्हणजे भिंतीवरच्या टॅपेस्ट्रीजची ९० फुटी ओसरी चालत पार करा. नेपोलियनचा बुद्धिबळाचा पट आहे, सेंट हेलेनावरचा, तो बाबांना दाखवा. पण वेळ राखून ठेवा तो दोन खोल्यांसाठी आणि तळघरासाठी.

पहिली, संगीताची खोली. छान सजवलेली आहे, लोक बघून पुढे जातात. पण जॉर्जच्या हयातीत ती कधी पुरी झालीच नाही. नुसत्या विटांच्या भिंती. १९७६ साली पूर्ण करून लोकांना खुली केली. दुसऱ्या महायुद्धात वॉशिंग्टनवर बॉम्ब पडले तर काय, म्हणून राष्ट्रीय कलासंग्रहालयाने आपली मौल्यवान चित्रं आणि शिल्पं १९४२ मध्ये गुपचूप इथे आणून ठेवली, ती याच अर्धवट खोलीत. पोलादी दारं बसवली, पहारा ठेवला. एवढ्या घरात एक खोली बांधायची राहून गेली आणि तीच देशाच्या कामाला आली.

दुसरी, ग्रंथालय. छतावरचं चित्र व्हेनिसच्या एका महालातून उचलून आणलंय, पेलेग्रिनी नावाच्या चित्रकाराचं. खोलीत १०,००० पुस्तकं. जॉर्जचा संग्रह याच्या दुपटीहून जास्त होता. आणि तो नुसता मांडून ठेवणारा नव्हता. बारा वर्षांचा असल्यापासून वाचलेल्या प्रत्येक पुस्तकाची वहीत नोंद करायचा. शेवटचा आकडा ३,१५९. माझ्या बाबांनी तिथल्या तिथे भागाकार केला, "वर्षाला ऐंशी. नोकरी नसेल तर जमतं." शेकोटीच्या मागे लपलेली वाट आहे, वरच्या मजल्यावरचे पाहुणे रात्री पुस्तक न्यायला त्यातून खाली यायचे. दोरीच्या अलीकडून नीट निरखलं तर अंदाज येतो.

बाबांबद्दल सांगायलाच हवं, कारण पाचवी खेप मी फक्त त्यांच्यासाठी केली. बाबा मिरजेचे, रेल्वेत रुळांच्या कामावर बत्तीस वर्षं. मिरजेत तेव्हा तिन्ही गेज होते, म्हणजे रुळांमधल्या अंतराचे तिन्ही प्रकार, ब्रॉड, मीटर, नॅरो, आणि बाबा आजही माणसांची तीन गेजमध्ये विभागणी करतात. चौथ्या खेपेला आईबरोबर आले तेव्हा झुंबरापाशी कंटाळले होते. जाता जाता मी सहज म्हटलं, बांधकामाचं सामान आणायला गावातल्या स्टेशनपासून इथपर्यंत खास लाईन टाकली होती, तीन मैल. झालं. "म्हणजे पाच किलोमीटर साइडिंग. चढ किती? कुठून आणली? आता कुठे आहे?" तेव्हा वेळ संपली होती, म्हणून पुढच्या वसंतात पुन्हा गेलो.

त्या खेपेला आम्ही घर उलट्या बाजूने वाचलं. इंडियानातून आलेला चुनखडीचा दगड या लाईनवरून आला. विटा मात्र इथेच भाजायचे, भट्टी दिवसाला ३२,००० विटा काढायची. हजारभर माणसं कामावर. घर झालं, रूळ उखडले. बाबांनी तिथल्या एका वयस्कर मदतनीसाला गाठलं. बाबांचं इंग्रजी रेल्वेचं, "ग्रेडियंट, सर? रूलिंग ग्रेडियंट?" तो बिचारा हसला, मग दोघं हातांनी चढ-उतार दाखवत दहा मिनिटं बोलत राहिले. मागची रांग आमच्या बाजूने वाहून गेली. कुणी हटकलं नाही. तेव्हा सांगते, आपल्या माणसांना प्रश्न विचारू द्या, जागोजाग उभे असलेले हे लोक त्यासाठीच असतात आणि कानाला लावायच्या ऑडिओ गाइडपेक्षा फार बरं सांगतात.

तळघर शेवटी येतं, तोवर सगळे दमलेले असतात आणि पळत सुटतात. इथेच चूक होते. तळघराला अर्धा तास द्या. बोलिंगच्या दोन पट्ट्या आहेत, पडलेल्या पिना नोकर हाताने उभ्या करायचे. पोहण्याचा हौद ७०,००० गॅलनचा, म्हणजे अडीच लाख लिटरच्या वर, पाण्याखाली विजेचे दिवे, तेही १८९५ साली. पण पाणी शुद्ध ठेवायची सोय नव्हती, म्हणून काही दिवस वापरलं की सगळा हौद रिकामा करायचा आणि परत भरायचा. आमच्या घरात एकदिवसाआड नळ यायचा. आई त्या कोरड्या हौदाच्या काठावर बराच वेळ उभी होती. मग म्हणाली, "पाणी गरम पण करत असतील."

पुढे स्वयंपाकघरं. एक नाही, तीन: मुख्य, बेकरीचं आणि मांस भाजायचं. जेवण वर पाठवायला लहान लिफ्ट, तिला डंबवेटर म्हणतात. आणि मग कपडे धुण्याची खोली. आईला सगळ्या राजवाड्यात हीच आवडली. भिंतीत उंच कपाटं आहेत, त्यातून दांड्यांची चौकट ओढून काढायची, त्यावर ओल्या चादरी टाकायच्या आणि चौकट परत आत ढकलायची. आत ऊब, चादरी वाळतात. आईने ते कसं सरकत असेल ते हवेत हात पुढे-मागे करून पाहिलं आणि मला म्हणाली, "पावसाळ्यात आपल्याकडे असं असतं तर." वरच्या जेवणघरात तिने फोटो काढू दिला नव्हता. इथे पदर सारखा करून उभी राहिली.

बाहेर आलात की तबेल्याच्या चौकात बसायला जागा आहे, आईस्क्रीम घ्या. या इस्टेटीची एके काळी मोठी डेअरी होती. त्याच डेअरीच्या गोठ्यात १९८५ पासून वाईनरी आहे. तिकडे आणि शेजारच्या अँटलर हिल व्हिलेजला गाडीने जावं लागतं. पोरं बरोबर असतील तर तिथल्या शेळ्या-कोंबड्या आधी दाखवा, घर नंतर. बागा मात्र चुकवू नका. फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेडने आखलेल्या आहेत, न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कवाला. कुंपणाची बाग घरापासून उताराला आहे. जाताना मजा, येताना चढ. ज्येष्ठांना कुणीतरी खाली गाडी आणून उचला.

जेवणाचं विचारतात म्हणून: शाकाहारी माणसाने इस्टेटीत फार अपेक्षा ठेवू नये, सॅलड-सँडविचवर भागवावं. संध्याकाळी ॲशव्हिलमध्ये 'चाय पानी'ला जा. मेहेरवान इराणींनी २००९ मध्ये काढलेलं. ते आपल्या नगरला वाढलेले. २०२२ मध्ये जेम्स बिअर्ड पुरस्कारांत देशातलं उत्कृष्ट रेस्टॉरंट ठरलं. भेळ, वडापाव, आणि काडीसारखी बारीक चिरून तळलेली भेंडी. आईने भेंडी दोनदा मागवली. रांग असते, सहाच्या आत पोचा.

परतीच्या आधी आणखी एक दिवस हाती असेल तर माझं ऐका, दुकानं सोडा आणि पिसगाला जा. घराच्या मागच्या गच्चीवरून पश्चिमेला डोंगरांची रांग दिसते, त्यातलं टोकदार शिखर माउंट पिसगा. ते दाखवून बाबांना मी सांगितलं, तिथपर्यंत सगळं याचंच होतं. १,२५,००० एकर. घेतलं तेव्हा निम्मं रान तोडून ओरबाडलेलं होतं. ओल्मस्टेडने सल्ला दिला, घराभोवती लहानशी बाग कर, नदीकाठी शेती कर, उरलेल्यात जंगल वाढव. जॉर्जने १८९२ मध्ये गिफर्ड पिंचो नावाच्या तरुणाला त्यासाठी नेमलं, जो पुढे अमेरिकेच्या वनखात्याचा पहिला प्रमुख झाला. त्याच्यानंतर आलेल्या कार्ल शेंक या जर्मनाने १८९८ मध्ये इथे देशातली पहिली वनशाळा काढली. बाकी घरखर्च आटोक्यात येत नव्हता तो नव्हताच. १९१४ च्या मार्चमध्ये अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेनंतर वॉशिंग्टन शहरात जॉर्ज वारला, वय ५१. ईडिथने त्याच वर्षी सुमारे ८७,००० एकर जंगल सरकारला विकलं, एकराला साधारण पाच डॉलरने. त्याचं पिसगा राष्ट्रीय वन झालं. घर मुलीकडे. मंदीत, १९३० साली, गावाच्या विनंतीवरून ते तिकीट लावून उघडलं. तरीही तोटाच. नातू विल्यम सेसिल १९६० मध्ये बँकेतली नोकरी सोडून आला आणि नफा दिसायला १९६८ उजाडलं. त्या वर्षीचा नफा: १६ डॉलर ३४ सेंट. हा आकडा ऐकून माझा नवरासुद्धा थांबला, जो या सगळ्या सहलीत फोनमध्ये होता. आज इस्टेट ८,००० एकर उरली आहे.

पिसगाला ब्ल्यू रिज पार्कवेने जायचं. निघण्याआधी नॅशनल पार्क सर्व्हिसच्या साईटवर रस्ता उघडा आहे ना ते बघा, धुकं किंवा दरड असेल तर बंद करतात. नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून घ्या, वर सिग्नल जातो. वाटेत बोगदे आहेत, दिवे लावा. ॲशव्हिलपासून पाऊण तास, मैलाचा दगड ४०७-४०८ च्या आसपास. तिथे जॉर्जची शिकारीची लाकडी कोठी होती, बक स्प्रिंग लॉज. या कोठीपासून खालच्या राजवाड्यापर्यंत त्याने डोंगरातून वाट काढली होती, तिच्यावर आज लोक ट्रेक करतात. कोठी राहिलेली नाही. गाडी लावून थोडंसं चाललं की जोत्याचे दगड दिसतात. पाटी आहे, नाहीतर कळणारही नाही.

आम्ही डबा नेला होता. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लोणचं. बाबा जोत्याच्या दगडावर बसले, दोन दशम्या खाल्ल्या, समोरचं जंगल बघत राहिले. मग बोटाने हवेत एक रेघ ओढली, खालून वर, वळणं घेत. "अशी आणली असती," म्हणाले, "पण इथे रॅक लाईन लागली असती, मधे दातांचा रूळ असलेली. निलगिरीसारखी."

डब्याचे कागद परत गाडीत आणा, इथे अस्वलं आहेत, कचऱ्याच्या पेट्यांची झाकणंही अस्वलाला उघडणार नाहीत अशी असतात. आणि ज्येष्ठांना विचारायचंच आहे म्हणून सांगते: स्वच्छतागृह पुढे पिसगा इन या हॉटेलपाशी आहे, गाडीने दोन मिनिटं. हिवाळ्यात इन बंद असतं, तेव्हा खालूनच जाऊन या.